बीजगणित आणि निर्देशक भूमिती शिकवताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. सूत्र बरोबर असते, मांडणीही नेटकी असते आणि उत्तर मात्र एका वजा चिन्हाने चुकलेले असते. त्यावर ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून आपण पुढचे पान उलटतो. माझ्या मते आपली पहिली चूक इथेच होते, कारण एकाच वर्गातील दहा-पंधरा मुले जेव्हा एकाच पायरीवर, एकाच तऱ्हेने चुकतात, तेव्हा दोष त्यांच्या लक्ष देण्यात नसून आपण शिकवलेल्या एखाद्या वाक्यात असतो.

ते वाक्य बहुतेक वेळा ‘पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे असते. समीकरण म्हणजे काय हे उमगण्याआधी पक्षांतराचा हा नियम हाती पडला, की विद्यार्थी तो सगळीकडे लावू लागतो. कोल्हापुरातल्या माझ्या वर्गात एका मुलाने ३क्ष = ३० यावरून क्ष = ३० − ३ = २७ असे लिहिले होते. कारण विचारल्यावर तो ठामपणे म्हणाला, “सर, तीन पलीकडं गेला, म्हणजे वजा झाला की.” त्याने नियम मोडला नव्हता, मी दिलेला नियम पाळला होता. त्याच्या घरचे गुऱ्हाळ असल्याने मी त्याला गुळाचे उदाहरण दिले. तराजूच्या एका पारड्यात गुळाचे सारख्या वजनाचे तीन रवे (ढेपा) आहेत, दुसऱ्या पारड्यात तीस किलोची वजने आहेत, तर एक रवा किती किलोचा? “दहा,” असे म्हणून त्याने वहीतले सत्तावीस स्वतःच खोडले. पुढे ३क्ष + ५ = ३५ दिल्यावर आधी दोन्ही पारड्यांतून पाच किलो उतरवायचे आणि मग तीन समान वाटे करायचे, हे त्याला सांगावे लागले नाही. म्हणून पहिले काही दिवस ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा करू’ ही ओळ फळ्यावर पूर्ण लिहावी. पक्षांतराची युक्ती घाईने सांगू नये.

कंसाबाहेरच्या वजा चिन्हाचेही असेच आहे. ५ − (क्ष − ३) याचे मुले ५ − क्ष − ३ करतात. प्रत्यक्षात ते ५ − क्ष + ३ आहे. क्षच्या जागी ४ घालायला सांगावे, म्हणजे मूळ राशीची किंमत ४ आणि चुकीच्या ओळीची −२ येते आणि चूक मुलांनाच सापडते. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिणाऱ्यालाही २ आणि ३ या संख्या पुरेशा आहेत. एकीकडे २५ येतात आणि दुसरीकडे १३.

वर्गसमीकरणात क्ष² = ५क्ष दिसले की दोन्ही बाजूंना क्षने भागून मुले क्ष = ५ एवढेच उत्तर देतात आणि शून्य हे मूळ हरवते. चल शून्य असू शकतो, म्हणून त्याने भागू नये, हे कारणासह सांगावे. क्ष² = ४९ चे उत्तर केवळ ७ लिहिणाऱ्यांना हेही अवश्य सांगावे, की धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच नोंदवले होते.

निर्देशक भूमितीत चारही चरणांची चिन्हे पाठ करून घेणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. त्याऐवजी आपल्या शहराचा, माझ्या वर्गासाठी कोल्हापूरचा, नकाशा घ्यावा आणि बिंदू चौक हाच आरंभबिंदू मानावा. पूर्व-पश्चिम रेषा हा क्ष-अक्ष आणि दक्षिणोत्तर रेषा हा य-अक्ष. रेल्वे स्थानक ईशान्येला, म्हणजे पहिल्या चरणात येते. पंचगंगा घाट वायव्येला, दुसऱ्या चरणात. रंकाळा तलाव नैर्ऋत्येला, तिसऱ्या चरणात. आणि शिवाजी विद्यापीठ आग्नेयेला, चौथ्या चरणात. रंकाळ्याचे दोन्ही निर्देशक ऋण का, हे यानंतर पाठ करावे लागत नाही. आधी पूर्व-पश्चिम चालायचे आणि मग उत्तर-दक्षिण वळायचे, एवढा क्रम ठेवला की (२, ०) हा बिंदू य-अक्षावर मांडण्याची चूकही कमी होते.

अंतराच्या सूत्रात (−३, ४) आणि (५, −२) हे बिंदू दिले, की बरीच मुले ५ − ३ = २ करून √४० पर्यंत पोहोचतात. ऋण निर्देशक कंसात लिहिण्याची सक्ती करावी: ५ − (−३) = ८, (−२) − ४ = −६, म्हणून अंतर √(६४ + ३६) = १०. त्याआधी आलेख कागदावर दोन्ही बिंदू मांडून आडवी घरे मोजून घेतली, तर दोनऐवजी आठ घरे समोर दिसतात.

रेषेच्या चढात (य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक) अंशामध्ये दुसऱ्या बिंदूपासून आणि छेदामध्ये पहिल्या बिंदूपासून सुरुवात केली, की चिन्ह उलटते. तसेच (३, १) आणि (३, ६) यांना जोडणाऱ्या उभ्या रेषेचा चढ मुले शून्य लिहितात. छेद शून्य असल्याने तो चढ ठरवताच येत नाही. शून्य चढ आडव्या रेषेचा असतो. या दोन्ही रेषा फळ्यावर शेजारी-शेजारी काढून, सायकलने कोणत्या रेषेवरून जाता येईल, असे विचारावे.