युद्धानंतर रसायनशास्त्रातील संशोधनाची आखणी : महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील प्राध्यापकांसाठी

युद्ध संपल्यावर रसायनशास्त्र विभागाची पहिली बैठक बहुधा निधीच्या आकड्यांवर होते. माझ्या मते ती रसायनांच्या कपाटासमोर व्हावी. प्रयोगशाळा वर्ष-दोन वर्षे बंद राहिली असेल, तर आधी साठ्याची यादी करावी. इथरच्या उघडलेल्या जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइड तयार होते, म्हणून झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसल्यास ती हलवू नये. सुकलेले पिक्रिक ॲसिडही स्फोटक असते, त्याच्या बाटलीचे झाकण फिरवू नये. अशा बाटल्यांची जाणकारांकडून विल्हेवाट लावून घेण्याचा खर्च प्रस्तावात पहिल्याच वर्षी धरावा.

विषय निवडताना जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांची फसलेली मोहीम आठवावी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेली भरपाई फेडण्यासाठी त्यांनी समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचा घाट घातला. पण कित्येक वर्षे नमुने तपासल्यावर सोने आधीच्या अंदाजाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकेच निघाले आणि योजना गुंडाळावी लागली. बेळगावच्या अल्युमिना कारखान्यातील लाल चिखलातून (बॉक्साइटमधून अल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या गाळातून) स्कँडियम हा महाग धातू काढण्याचा प्रस्ताव एखाद्याने लिहायला घेतला, तर मोठी रक्कम मागण्यापूर्वी ढिगाऱ्याच्या निरनिराळ्या खोलीवरचे दहा-बारा नमुने धारवाड किंवा कोल्हापूर येथील विद्यापीठात तपासून घ्यावेत आणि मिळालेले आकडे, ते निराशाजनक असले तरी, प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर द्यावेत. साखर कारखान्यांच्या मळीवरील कामालाही हाच नियम लागू करावा.

निधीच्या बाबतीत मात्र याच हाबर यांचा कित्ता गिरवण्यासारखा आहे. १९२० मध्ये त्यांनी आणि प्रशियाचे माजी शिक्षणमंत्री फ्रीडरिश श्मिट-ओट यांनी संशोधनाला मदत करणारी ‘नोटगेमाइनशाफ्ट’ ही संस्था उभी केली, आणि तिथे अर्जांचा निवाडा त्या-त्या विषयातील तज्ज्ञ करीत. १९२३ च्या महागाईत मार्क या जर्मन चलनाची किंमत मातीमोल झाली, तेव्हा जपानी औषध उद्योजक होशी हाजिमे यांच्यासारख्यांची परदेशी देणगी कामी आली. तेव्हा एकाच तिजोरीवर विसंबू नये, आणि युद्धानंतर भाव चढत असतील तर दुर्मीळ रसायनांची मागणी मंजुरीपत्र हाती येताच नोंदवावी. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान हा मुख्य दरवाजा आहे; त्याच्या जोडीला स्थानिक कारखान्याकडून नमुने आणि इंधन-वाहतूक एवढे तरी मागावे.

अंदाजपत्रकात उपकरणाच्या किमतीइतकेच लक्ष त्याच्या देखभाल करारावर द्यावे. मी काम केलेल्या एका महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना किती प्रकाश शोषतो हे मोजणारे यंत्र) झोकात आला. पुढे त्याचा अतिनील प्रकाश देणारा ड्यूटेरियम दिवा गेला, नव्या दिव्यासाठी खात्यात तरतूद नव्हती, आणि यंत्रावर दोन वर्षे कापड पडून राहिले. त्या काळात दोन विद्यार्थ्यांची पीएच.डी. रखडली.

म्हणूनच संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आधी आणि यंत्रे नंतर, असा माझा क्रम असतो. इमारतींना वेळ लागतोच : सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये स्थापन झाली, तरी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. इमारत उभी राहीपर्यंत दुसऱ्या विद्यापीठातील यंत्रावर पाळीने काम करण्याचे लेखी संमतीपत्र जोडावे. खर्चाची पावती ज्या दिवशी येईल त्याच दिवशी फायलीत लावावी, कारण उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) अडले की पुढचा हप्ता अडतो.