एसी सर्व्हिसिंगच्या जोड्या: सीझनमध्ये चालवायच्या कशा, सीझननंतर टिकवायच्या कशा

चार-पाच जोड्यांचा (एक टेक्निशियन, एक हेल्पर) एसी सर्व्हिसिंगचा धंदा मार्च ते जूनमध्ये कमावतो, आणि माणसं सोडून जातात तीही याच दिवसांत. मालक म्हणतो, पलीकडच्याने हजार रुपये जास्त दिले म्हणून पोरगा गेला. ते निमित्त असतं. पोरगा कंटाळलेला असतो तो सकाळी तासभर सामानाची वाट बघायला, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उन्हात गाडी हाणायला, आणि महिनाअखेरी हातात आले ते पैसे कसे आले हे न कळायला. या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत आणि त्या सुधारायला भाषणं करावी लागत नाहीत.

सामान आदल्या संध्याकाळी

एक टेक्निशियन, एक हेल्पर, एक बाइक ही जोडी. जोडी दर आठवड्याला मोडू नका. हेल्परला टेक्निशियनची कामाची पद्धत कळायला दोन-तीन आठवडे जातात. ती कळली की पॅनल उघडेपर्यंत जेट पंपाचा पाइप नळाला लागलेला असतो.

प्रत्येक जोडीची पिशवी ठरलेली ठेवा आणि तिच्या झाकणावर आतून यादी चिकटवा: गेज (गॅसचा दाब बघायला), क्लॅम्प मीटर (करंट मोजायला), सर्व्हिस जॅकेट (धुताना पाणी अडवणारं कापड), फ्लेअरिंग टूल (पाइपाचं तोंड पसरवायला), थर्मामीटर, दोन मीटर ड्रेन पाइप, टेप, नट, आणि कपॅसिटर. दीड टनाच्या साध्या एसीला बहुधा ४५ किंवा ५० मायक्रोफॅरड लागतो, एक टनाला ३५-३६ च्या आसपास. प्रत्येकी दोन नग पिशवीत असू द्या. चाळीस-पन्नास मायक्रोफॅरडच्या एका डब्यासाठी जोडी दुकानात परत आली की दीड तास गेला, आणि ग्राहकाकडे पुन्हा जाताना तोंड टेक्निशियनलाच दाखवायचं असतं.

पिशवी संध्याकाळी काम संपल्यावर भरायची, सकाळी नाही. वापरलेलं सामान वहीत उतरवायचं, तेवढंच परत घ्यायचं, मग घरी. याला दहा मिनिटं लागतात. सकाळी साडेसातला नुसतं सिलिंडर आणि जेट पंप उचलून निघायचं. व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा काढायला) आणि नायट्रोजन (लीक तपासायला) प्रत्येक जोडीला देणं परवडत नसेल, तर गॅसची आणि इन्स्टॉलेशनची कामं दोनच जोड्यांना द्या, बाकीच्यांना सर्व्हिसिंग. एकच पंप चार जणांत फिरवला की तो जिथे लागतो तिथे कधीच नसतो.

कॉल वाटताना

वेळेचा अंदाज खरा धरा. स्प्लिट एसीची जेट सर्व्हिस (पंपाच्या पाण्याने धुणं) ४५ मिनिटं ते एक तास, ड्राय सर्व्हिस (पाण्याशिवाय सफाई) अर्धा तास, लीक शोधून गॅस भरायचा तर दोन तास, इन्स्टॉलेशनला तीन ते चार. एका भागातले कॉल असतील तर दिवसाला पाच-सहा जेट सर्व्हिस नीट होतात. आठ लिहून दिल्या तर आठही होतील, पण त्यातल्या तीन ठिकाणी कॉइलवर नुसतं पाणी मारलेलं असेल.

शहराचे भाग पाडा आणि वार ठरवा. ग्राहकाला ‘आज येतो’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या भागात मंगळवारी आणि शुक्रवारी माणूस असतो’ हे सांगणं सोपं. तातडीच्या कॉलसाठी एक जोडी मोकळी ठेवा, दर आठवड्याला वेगळी. गच्चीवरची आणि उन्हातली आउटडोअरची (एसीच्या बाहेरच्या युनिटची) कामं साडेसात ते अकरा. दुपारी दवाखाने घ्या: डॉक्टर एक ते पाच नसतात, एसी बंद असतो, कोणी डोक्यावर उभं राहत नाही. पुण्यात तर दुपारची बंद दुकानंही या कामाला सोयीची, फक्त चावी कोणाकडे आहे ते सकाळीच विचारून ठेवा.

पैसे: कॉलवर नव्हे, न परतलेल्या कॉलवर

नुसता पगार दिला तर एप्रिलमध्ये जोडी चार कॉलवर थांबते. नुसता कॉलवर दर दिला तर सात-आठ कॉल होतात आणि पुढच्या आठवड्यात तीन कंप्लेंट येतात. दोन्हींच्या मधलं गणित हवं, आणि ते हेल्परलाही बोटांवर मोजता आलं पाहिजे.

आधी कामांना पॉइंट द्या, नाहीतर सोप्या कामांवरून भांडणं होतात. ड्राय सर्व्हिस अर्धा, जेट सर्व्हिस एक, गॅस दोन, इन्स्टॉलेशन तीन. महिन्याचे पहिले १०० पॉइंट पगारात. त्यावरच्या प्रत्येक पॉइंटला समजा ४० रुपये, जोडीच्या खात्यात. शिवाय ‘कंप्लेंट नाही’ म्हणून ३,००० रुपये वेगळे ठेवा: एका परत-कॉलपर्यंत (झालेल्या कामाची पुन्हा आलेली तक्रार) पूर्ण, त्यानंतरच्या प्रत्येक परत-कॉलला ५०० कमी. एका जोडीने १३० पॉइंट केले आणि तीन कॉल परत आले, तर ३० गुणिले ४० म्हणजे १,२००, अधिक २,०००. एकूण ३,२००. टेक्निशियनला ६० टक्के म्हणजे १,९२०, हेल्परला १,२८०. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदला, रचना बदलू नका.

यात तीन गोष्टी सांभाळायच्या. कापायचं ते बक्षिसातून, पगारातून कधीच नाही. पगाराला हात लागतो म्हटल्यावर माणूस कंप्लेंट लपवायला शिकतो, ग्राहकाला परस्पर फोन करून ‘ऑफिसला सांगू नका, मी येऊन जातो’ म्हणतो, आणि बिघाडाचं कारण तुमच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरं, हेल्परचा वाटा मालकाने स्वतः हेल्परच्या हातात किंवा खात्यात द्यायचा. टेक्निशियनकडे दिला की वाटेत कमी होतो. तिसरं, परत-कॉल म्हणजे काय हे लिहून ठेवा: कामानंतर दहा दिवसांत त्याच कामाशी संबंधित तक्रार. सर्व्हिसनंतर रिमोटचे सेल संपले हा परत-कॉल नव्हे.

दहा दिवसांच्या या मुदतीमुळे महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या १० तारखेलाच पूर्ण होतो. तो १५ तारखेला द्या. पगार १ ते ७ च्या आत, बक्षीस १५ ला. महिन्याच्या मध्यावर पैसे आले की उचल मागणाऱ्यांची रांग निम्मी होते.

रात्री उशिरापर्यंत थांबवलं तर त्याचे पैसे वेगळे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ओव्हरटाइमला दुप्पट दर सांगतो. तुमच्याकडे पाच-सातच माणसं असली तरी तोच दर धरा. आणि आठवड्याची सुट्टी मे महिन्यातही बुडवू नका. रविवारी कॉल जास्त असतात, म्हणून सुट्ट्या सोमवार ते गुरुवारात वाटून द्या. पेट्रोलला ठरावीक दर ठेवा, मीटरचा फोटो सकाळ-संध्याकाळ ग्रुपवर. पेट्रोलच्या पावत्यांवरून घासाघीस करणारा मालक महिन्याला दोनशे रुपये वाचवतो आणि माणूस घालवतो.

निघण्याआधीची तपासणी

परत येणारे कॉल बघितले तर मोठा भाग दोन-चार कारणांतच असतो: सर्व्हिसनंतर पाणी गळणं, कूलिंग कमी, सेन्सर जागेवर न बसवणं, पीसीबीला (सर्किट बोर्डला) पाणी लागणं. यातलं बरंचसं पॅनल लावण्याआधी पकडता येतं.

ट्रेमध्ये सावकाश दोन लिटर पाणी ओता. खाली आउटडोअरशी हेल्पर उभा. पाणी ड्रेनमधून सरळ धारेने आलं पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर पाइपात गाळ आहे किंवा कुठेतरी पाइपाला पोट पडलं आहे, आणि ट्रेच्या मागच्या कडेवरून भिंतीला ओल दिसली तर ट्रे खाचेत बसलेला नाही. रूम सेन्सर आणि कॉइल सेन्सर आपापल्या क्लिपमध्ये, त्याचा फोटो. पॅनल लावून एसी पंधरा मिनिटं चालवा. खोलीतली हवा आणि जाळीतून येणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो कमी दिसतो, तेव्हा लगेच गॅसवर संशय घेऊ नका. क्लॅम्प मीटरचं रीडिंग आउटडोअरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून कार्डावर लिहा. मग ग्राहकाची सही.

गॅसचं काम असेल तर एकच नियम, त्याला सूट नाही: लीक सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. नायट्रोजन मारून साबणाच्या पाण्याने फ्लेअर आणि जोड तपासायचे, मग व्हॅक्यूम, मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून. आर-४१०ए हा गॅस म्हणजे मिश्रण, तो द्रवरूपातच भरायचा. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे सिस्टिममध्ये गॅस असताना पाइप जोडायची पेटती टॉर्च लावायची नाही. टेक्निशियन हा क्रम का टाळतो? बहुतेकदा आळसाने नव्हे, तर पुढचे तीन कॉल डोक्यावर असतात म्हणून. गॅसचं काम निघालं तर त्या दिवसाचा शेवटचा कॉल दुसऱ्या जोडीकडे वळवायची तयारी मालकाने ठेवायला हवी.

कंप्लेंट आलीच तर त्याच जोडीला पाठवा, पण पहिल्या दोन-तीन वेळा सीनिअर सोबत जाऊ दे. कारण वहीत एका शब्दात लिहायचं: ड्रेन, सेन्सर, लीक, कपॅसिटर, वायर. महिन्याने वही उघडली की एका जोडीच्या नावापुढे ‘ड्रेन’ चारदा दिसतं, मग त्याच गोष्टीवर अर्धा तास बसा. चूक फोनवर किंवा समोर एकट्याला सांगा. ग्रुपवर फक्त चांगल्या कामाचे फोटो. ग्राहक फोनवर ओरडत असेल तर तो फोन मालकाने घ्यायचा, टेक्निशियनला स्पीकरवर घेऊन झापायचं नाही.

उचल

उचल बंद करता येत नाही, तिला कुंपण घालता येतं. वार एकच, समजा शनिवार. तोपर्यंत भरलेल्या दिवसांच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत. वहीत रक्कम, तारीख, सही. दवाखाना आणि जूनमधली शाळेची फी याला अपवाद, पण मोठी रक्कम असेल तर हप्ते आधी ठरवून. हप्ते एप्रिल-मेमध्ये मोठे घ्या, कारण तेव्हा बक्षीस मिळत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये छोटे. पावसाळ्यात सगळी उचल एकदम कापली तर माणूस थकीत रकमेसकट दुसरीकडे जातो आणि फोन बंद ठेवतो.

परस्पर कामं होणारच. ग्राहक नंबर मागतो, टेक्निशियन देतो. मोबाइल तपासत बसण्यापेक्षा स्वतःच्या ओळखीचं काम आणणाऱ्याला बिलाच्या १० टक्के जाहीर करा, सुट्या भागांचे दर छापून ग्राहकाला द्या, आणि यूपीआय फर्मच्याच क्यूआरवर घ्या. ग्राहकाने दिलेली टिप जोडीची, तिचा हिशेब विचारायचा नाही.

उंचीवरचं काम

बाहेर लटकलेल्या आउटडोअरसाठी पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या. कमरेचा पट्टा चालत नाही. दोरी खिडकीच्या ग्रिलला किंवा आउटडोअरच्या स्टँडला बांधू नका. दोन्ही गंजलेले असू शकतात आणि दोन्ही माणसाच्या वजनासाठी बनवलेले नसतात. खोलीच्या आतल्या कॉलमला किंवा पक्क्या बीमला बांधा. जागा धोक्याची वाटली तर ‘करणार नाही’ म्हणायचा हक्क टेक्निशियनला द्या, आणि त्या कॉलचा पॉइंट तरीही मोजा. नाहीतर पॉइंटसाठी तो उतरेल. मार्चपासून प्रत्येक पिशवीत ओआरएसची पाकिटं, टोपी आणि दोन लिटर पाणी.

हेल्पर

हेल्पर पुढच्या वर्षी कुठे असेल हे त्याला आज दिसत नसेल तर तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जातो. भिंतीवर पायऱ्या लावा: जेट सर्व्हिस एकट्याने, फ्लेअर आणि पाइप बेंडिंग, मीटर वाचणं, व्हॅक्यूम आणि वजनाने गॅस, ब्रेझिंग (तांब्याचे पाइप जाळावर जोडणं). एक पायरी जमली की लगेच पगारात थोडी वाढ, दिवाळीची वाट न बघता. ब्रेझिंग शिकवायला जुन्या पाइपचे तुकडे जपून ठेवा आणि पावसाळ्यातल्या दुपारी वापरा. आयटीआयचा या ट्रेडचा कोर्स दोन वर्षांचा असतो. तिथून आलेल्या पोराला सर्किट कळतं, पण हात बसलेला नसतो. त्याला तुमच्या सर्वांत शांत टेक्निशियनबरोबर लावा.

जुलैपासूनचे महिने

वार्षिक करार करताना वर्षाच्या सगळ्या सर्व्हिस उन्हाळ्यात घालू नका. एक मार्चमध्ये, बाकीच्या ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. त्यासाठी ग्राहकाला थोडी सूट द्यावी लागली तरी चालेल, कारण त्या महिन्यांत पगार द्यायचेच आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी गीझरची कामं घ्या. थर्मोस्टॅट, एलिमेंट आणि अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली सळई) बदलणं टेक्निशियनला आठवड्यात येतं.

रजांचं कॅलेंडर जानेवारीत भरा. उत्तरेकडची पोरं होळीला आणि छटपूजेला गावी जातात, कोकणातली गणपतीला, मराठवाड्यातली पेरणीला. होळी नेमकी सीझनच्या तोंडावर येते, म्हणून परतीचं तिकीट आधी काढून द्या, त्याचे पैसे तो परत आल्यावर पहिल्या बक्षिसातून वळते करा. सगळ्यांचं बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमाही उतरवा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं कवच, वय १८ ते ७०. हप्ता मेअखेरीला खात्यातून आपोआप कापला जातो. तेव्हा २५ मेच्या सुमारास प्रत्येकाच्या खात्यात निदान तेवढी शिल्लक आहे का, हे एकदा विचारून घ्या.