टेहळणी विमानं आणि समुद्रावरचे दावे: आधी कंपासपेटी काढा

कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत नवीन आलेल्या मुलांना दक्षिण चीन समुद्र पाठ असतो. नकाशावर चीनने दाव्यासाठी ओढलेल्या नऊ तुटक रेषा, चीनची दादागिरी, झालं. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीतला प्रश्न मात्र याच्या पुढे सुरू होतो. मी हा विषय नकाशावरून केला, ज्युनिअर्सनाही तेच सांगतो.

ॲटलासच्या कडेला अक्षांश असतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. म्हणजे 200 सागरी मैलांना 3 अंश 20 मिनिटं. तेवढा कंपास उघडा, टोक चीनच्या दक्षिणेकडच्या हैनान बेटाच्या किनाऱ्यावर टेकवा आणि कमान काढा. 12 मैलांची कमान काढायला गेलात तर ती पेन्सिलीच्या रेघेतच बुडेल. पण त्या 12 मैलांत वरच्या हवेसकट किनाऱ्याच्या देशाची सत्ता. परक्या जहाजाला निरुपद्रवी जा-ये करता येते, विमानाला तेवढीही मुभा नाही. पुढे 200 पर्यंत मासे-तेल त्या देशाचं. उड्डाण मात्र 1982 च्या सागरी कायदा कराराच्या कलम 58 नुसार सगळ्यांना खुलं.

आता 1 एप्रिल 2001 घ्या. अमेरिकेचं ईपी-3 टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान हैनानपासून सुमारे 110 किलोमीटरवर धडकलं. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे 24 जण 11 दिवस चीनच्या ताब्यात अडकले. जागा कमानीच्या आत, पण 12 मैलांच्या कितीतरी बाहेर. सगळा वाद इथेच आहे: खुल्या हवेतून हेरगिरी चालते का? अमेरिका म्हणते चालते (तिने करार अजून मंजूर केलेला नाही, हेही लिहून ठेवा). चीन म्हणतो नाही.

नाशिकजवळच्या ओझरला बनणाऱ्या सुखोईंमुळे आपल्याकडच्या पोरांना लष्करी विमान म्हटलं की लढाऊच आठवतं. आपल्या नौदलाचं टेहळणीचं पी-8आय मात्र बोइंग 737 वरून बनलंय, लांबून प्रवासी विमानच वाटतं.

दक्षिण चीन समुद्रावरून फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय लवादाने दिलेला 2016 चा निवाडा पाचशेच्या आसपास पानांचा आहे. आधी लवादाचं प्रसिद्धिपत्रक वाचा. भरतीत बुडणाऱ्या खडकावर भराव टाकून धावपट्टी केली तरी त्याला स्वतःचे 12 मैल मिळत नाहीत, हा मुद्दा पक्का करा. दक्षिण चीन समुद्रातलं मिस्चिफ रीफ हे त्याचं उदाहरण.

सगळ्यात जास्त वेळ भारतावर द्या. आपण 1995 मध्ये करार मंजूर करतानाच म्हटलं की 200 मैलांच्या क्षेत्रात परक्यांचा लष्करी सराव आमच्या संमतीशिवाय नको. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकी युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला 130 मैलांवर मुद्दाम न विचारता गेली, दिल्लीने नाराजी कळवली. आणि 2023 मध्ये फिलिपिन्ससोबतच्या निवेदनात आपणच 2016 चा निवाडा पाळा म्हणालो. ‘मग या बाबतीत तुम्ही चीनच्या जवळ की अमेरिकेच्या?’ असं पॅनेलने विचारलं, तर सराव आणि उड्डाण वेगळं काढूनच उत्तर द्यावं लागतं.