आइल ऑफ मॅनचा माउंटन कोर्स पाहायला जाताना

आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या लहानशा बेटावर ३७.७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरचा, एक वर्तुळाकार रस्ता आहे. वर्षातील बहुतेक दिवस त्यावरून बस, ट्रॅक्टर आणि कामावर जाणाऱ्या माणसांच्या मोटारी धावतात. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मात्र त्याच डांबरावरून टुरिस्ट ट्रॉफीच्या, म्हणजे टीटीच्या, मोटरसायकली धावतात आणि काही सरळ पट्ट्यांवर त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. शर्यतीसाठी बांधलेल्या सर्किटला भिंत असते, फाटक असते, तिकिटावर आसनाचा क्रमांक असतो. येथे घरांची कुंपणे, दगडी बांध, चर्चची आवारे आणि मेंढ्यांची कुरणे यांच्यामधून शर्यत जाते. त्यामुळे या भेटीची सगळी आखणी एका प्रश्नाभोवती करावी लागते: रस्ता बंद होईल त्या क्षणी आपण नेमके कुठे असणार आहोत?

रस्ता बंद करण्याच्या या पद्धतीमागे कायदा आहे आणि तो समजून घेतल्यास पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्याची तेथे मुभा नव्हती. आइल ऑफ मॅन ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही आणि टिनवाल्ड ही त्याची स्वतःची संसद आहे. टिनवाल्डने १९०४ मध्ये कायदा करून गॉर्डन बेनेट चषक या मोटार शर्यतीच्या निवडचाचणीसाठी रस्ते मोकळे करून दिले. मोटरसायकलींची पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी सेंट जॉन्स येथील सुमारे १६ मैलांच्या छोट्या मार्गावर झाली आणि १९११ पासून ती स्नेफेल पर्वतावरून जाणाऱ्या आजच्या मार्गावर आली. रस्ता आजही कायद्यानेच बंद होतो. त्यामुळे बंद रस्त्यावर पाऊल टाकणे हा केवळ बेशिस्तपणा ठरत नाही, तो गुन्हा ठरतो.

भेटीचा काळ आपल्याला काय पाहायचे आहे त्यावरून ठरवावा. टीटीच्या पंधरवड्यात पहिला आठवडा प्रामुख्याने सराव आणि पात्रता फेऱ्यांचा असतो, तर दुसऱ्या आठवड्यात मुख्य शर्यती होतात आणि सिनियर टीटीने सांगता होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने सरावाचा आठवडा निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या काळात गर्दी तुलनेने कमी असते, सायंकाळच्या सत्रांत बहुतेक सर्व वर्गांची वाहने पाहायला मिळतात आणि रोज वेगळ्या वळणावर जाऊन बसता येते. ऑगस्टमध्ये याच मार्गावर मॅन्क्स ग्रां प्री ही मोटरसायकल शर्यत होते. जुन्या यंत्रांची ओढ असलेल्यांनी ती निवडावी. केवळ मार्गाचा इतिहास अनुभवायचा असेल, तर शर्यती नसलेल्या काळाइतका निवांतपणा कधीच मिळणार नाही.

टीटीच्या काळात जायचे ठरल्यास आधी बोटीतील जागा पक्की करावी आणि मगच राहण्याची सोय पाहावी. स्वतःची मोटरसायकल न्यायची असेल, तर आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनीची बोट हाच मार्ग उरतो. इंग्लंडमधील हीशम आणि लिव्हरपूल येथून तिच्या फेऱ्या सुटतात आणि शर्यतींच्या काळातील वाहनांच्या जागा फार लवकर संपतात. वाहनाविना जाणाऱ्यांना रोनाल्ड्सवे विमानतळ आहे. हॉटेले भरली तरी निराश होऊ नये, कारण त्या काळात कित्येक बेटवासी आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना देतात आणि ठिकठिकाणी तंबूंच्या जागाही उघडतात. मुक्काम डग्लस, लॅक्सी किंवा किनाऱ्यालगतच्या अन्य गावात ठेवणे शहाणपणाचे आहे. ही गावे शर्यतीच्या वर्तुळाच्या बाहेर असल्याने रस्ता बंद असतानाही डग्लसहून लॅक्सीमार्गे रॅमझीकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याने हिंडता येते. वर्तुळाच्या आत अडकलेल्याला मात्र रस्ता उघडेपर्यंत बहुधा तिथेच थांबावे लागते.

बेटावर उतरल्यावर रस्ता खुला असताना त्याची एक संपूर्ण फेरी शांतपणे करावी. शर्यतीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, डग्लसमधील ग्लेनक्रचरी रोडवरील ग्रँडस्टँडपासून निघावे. दोनशेहून अधिक वळणे, मधली गावे, वाहतुकीचे दिवे आणि थांबावेसे वाटणाऱ्या जागा यांमुळे ही फेरी अर्ध्या दिवसाचे काम होते. हेच अंतर पीटर हिकमन या स्वाराने २०२३ मध्ये १६ मिनिटे ३६ सेकंदांत, ताशी सरासरी १३६.३५८ मैल वेगाने कापले. ग्रँडस्टँडसमोर उभे राहून हा आकडा वाचणे वेगळे आणि सगळी फेरी स्वतः करून आल्यावर तो आठवणे वेगळे.

ग्रँडस्टँडपासून थोड्याच अंतरावर ब्रे हिल आहे. दोन्ही बाजूंना घरे असलेला हा निवासी रस्ता एवढ्या तीव्र उताराचा आहे, हे चित्रफितीतून कधीच पुरते कळत नाही. तो पायी उतरावा. पायथ्याशी रस्ता अचानक सपाट होऊन पुन्हा चढू लागतो. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणारी मोटरसायकल तिथे सस्पेन्शनवर पूर्ण दबते आणि पुढच्या चढावर हलकी होते. त्या खोलगट जागी उभे राहून मागे वर पाहिले, की स्वाराला उतारावर पुढचे काहीच कसे दिसत नसेल, हे उमगते. येथे मार्ग पाठ असल्याशिवाय गत्यंतर नसते.

पुढे क्वार्टरब्रिज, ब्रॅडन ब्रिज, युनियन मिल्स आणि क्रॉस्बी ओलांडून बॅलाक्रेनला रस्ता उजवीकडे वळतो आणि ग्लेन हेलनच्या झाडीत शिरतो. हा भाग मी सर्वांत रम्य मानतो. ऊन आणि सावली यांच्या पट्ट्यांमुळे स्वारांना मात्र तो कठीण जातो, कारण पानांखालचे डांबर पावसानंतर बराच वेळ ओलसर राहते. त्यानंतर बेगॅरो येथे जरूर थांबावे. उताराच्या तळाशी रस्त्याला चिकटून घर आहे आणि त्याच्या भिंतीजवळून मोटरसायकली जातात. खाली दबलेल्या यंत्राचा तळ तिथे रस्त्याला घासतो. नीट पाहिल्यास डांबरावर त्याचे ओरखडेही सापडतात.

बॅलाफ ब्रिजचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. गावातल्या या कमानदार पुलावर स्वार वेग पुष्कळ कमी करून येतात, तरीही पुलाच्या माथ्यावर दोन्ही चाके जमीन सोडतात. कसलेला स्वार मागचे चाक आधी टेकेल अशा बेताने गाडी उडवतो, कारण पुढचे चाक आधी टेकले तर हँडल हिसका देते. एकाच जागी बसून पाच-सहा स्वारांचे ते टेकणे लक्षपूर्वक पाहिले, तर कोण निश्चिंत आहे आणि कोण चाचपडतो आहे, हे नवख्यालाही ओळखता येते. पुलाला लागूनच रेव्हन हे पब आहे. त्यामुळे ही जागा लोकप्रिय आहे आणि ती मिळवण्यासाठी रस्ता बंद होण्याच्या खूप आधी पोहोचावे लागते.

सल्बीचा लांब सरळ पट्टा संपवून आणि रॅमझीतील पार्लमेंट स्क्वेअर ओलांडून हेअरपिन या तीव्र वळणापासून चढ सुरू होतो, आणि मार्गाचे रूपच पालटते. घरे आणि झाडे मागे पडतात, उरतो तो फक्त वारा आणि उघडा माळ. गूसनेकच्या पुढे जिमी गथ्री या स्वाराचे स्मारक आहे. त्यांचा मृत्यू १९३७ मध्ये जर्मनीतील साक्सेनरिंग येथे झाला. स्मारक मात्र त्यांनी आपली अखेरची टीटी शर्यत सोडली त्या जागी उभारलेले आहे. पुढे व्हेरांडाची लागोपाठची उजवी वळणे येतात. जिल्बेर्तो पार्लोत्ती हे स्वार १९७२ च्या टीटीत येथेच पावसात मरण पावले. त्या वर्षानंतर जगज्जेते स्वार जाकोमो अगोस्तिनी यांनी या मार्गावर पुन्हा शर्यत केली नाही आणि १९७६ नंतर टीटी जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून बाहेर पडली. बंगलो येथे जोई डनलॉप यांचा मोटरसायकलवर बसलेला पुतळा आहे. २६ टीटी विजयांचा त्यांचा विक्रम २०२४ पर्यंत टिकला आणि तो मोडला त्यांचेच पुतणे मायकल डनलॉप यांनी. बंगलोच्या पुढे हेलवूड हाइट जवळ मार्ग सुमारे ४२२ मीटर उंचीवर पोहोचतो आणि तेथून विंडी कॉर्नर, केपेल गेट, क्रेग-नी-बा असा डग्लसकडे उतरतो.

या पर्वती रस्त्याच्या काही भागांवर सामान्य वाहनांनाही वेगमर्यादा नाही आणि पुष्कळ चाहते त्याच ओढीने येतात. येथे माझा आग्रह ठाम आहे: ही मोकळीक म्हणजे शर्यतीचे निमंत्रण नव्हे. टीटीच्या काळात पर्वतावरील वाहतूक रॅमझीकडून डग्लसकडे एकेरी केली जाते, तरी वळणापलीकडचे दिसत नाही, वारा आडवा येतो आणि धुके काही मिनिटांत उतरते. बेफिकिरीने वाहन चालवणे वेगमर्यादा नसतानाही गुन्हाच आहे. दर ठिकाणचे फलक त्या दिवशी जे सांगतील तेच प्रमाण मानावे.

शर्यतीच्या दिवसासाठी जागा निवडताना आपला परतीचा मार्ग आधी ठरवावा. ग्रँडस्टँडचे तिकीट घेतल्यास पिटमधील इंधन भरणे आणि चाके बदलणे जवळून दिसते. ब्रॅडन किंवा हिलबेरी येथे बसण्याची सोय असते. पर्वतावर जायचे असेल आणि वाहन नसेल, तर १८९५ पासून चालू असलेली स्नेफेल माउंटन रेल्वे लॅक्सीहून बंगलोपर्यंत नेते. इतका सुखाचा दुसरा पर्याय मला माहीत नाही. बरोबर उबदार कपडे, पावसाचा कोट, पाणी, खाण्याचे पदार्थ, कानांसाठी बोळे आणि छोटा रेडिओ असावा. रेडिओ चैनीचा भाग नाही. स्पर्धक दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडले जातात आणि घड्याळाशी झुंजतात. त्यामुळे डोळ्यांसमोरून प्रथम गेलेला स्वार आघाडीवर असेलच असे नाही. मॅन्क्स रेडिओचे धावते वर्णन ऐकल्याशिवाय शर्यतीची गणिते उलगडत नाहीत. हाताशी स्टॉपवॉच असल्यास दोन स्वारांमधले अंतर प्रत्येक फेरीत स्वतः मोजावे. शर्यत समजायला लागते ती येथूनच.

प्रतीक्षेची तयारी ठेवावी. पर्वतावर धुके उतरले की बचावाचे हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत सुरू होत नाही. बेटावरचे लोक या धुक्याला समुद्रदेव मनानान याची शाल म्हणतात. अशा वेळी जागा सोडून निघण्याची घाई करू नये, कारण रस्ता बंदच असू शकतो.

या मार्गावर १९११ पासून २५० हून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. प्रेक्षकानेही हे मनात ठेवूनच येथे वागावे. प्रतिबंधित जागांचे फलक अनुभवातून लावलेले असतात. तिथे छायाचित्रासाठी क्षणभरही उभे राहू नये. बांधावरून पाय रस्त्याच्या बाजूला सोडू नयेत आणि मार्गावर सुरक्षा पाहणाऱ्या मार्शलने हटायला सांगितल्यास वाद घालू नये. हे मार्शल स्वयंसेवक असतात आणि त्यांची संख्या पुरेशी नसेल तर सत्रच सुरू होत नाही. बाहेरून येणाऱ्यांनाही नोंदणी करून आणि प्रशिक्षण घेऊन हे काम करता येते. ज्यांना दुसऱ्यांदा यायचे आहे त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करावा. अपघातानंतर लाल झेंडा दाखवला गेला, तर चित्रीकरण थांबवावे आणि अफवा पुढे पाठवू नयेत. स्वारांची कुटुंबे त्याच बेटावर बातमीची वाट पाहत असतात.

शर्यती नसलेल्या दिवशी डग्लसमधील मॅन्क्स म्युझियम आणि जर्बी येथील मोटर म्युझियम पाहता येते. बॉब मॅकिन्टायर यांनी १९५७ मध्ये जिलेरा मोटरसायकलवरून ताशी शंभर मैल सरासरीची पहिली फेरी पूर्ण केली. त्या काळातील अरुंद टायर आणि ड्रम ब्रेक असलेली यंत्रे जवळून पाहून नंतर पुन्हा ब्रे हिलवर जावे, म्हणजे त्या फेरीचे मोल कळते.

सत्र संपले तरी रस्ता लगेच खुला होत नाही. रस्ता खुला झाल्याची खूण असलेली अधिकृत गाडी आपल्या जागेवरून जाईपर्यंत आहे तिथेच थांबावे आणि त्यानंतरही पहिल्या लोंढ्यात न शिरता अर्धा तास जाऊ द्यावा. शेवटच्या शर्यतीच्या दिवशीच परतीची बोट मात्र कधीही ठरवू नये, कारण हवामानामुळे शर्यत पुढे ढकलली गेली, तर ज्यासाठी इतक्या दूर आलो तीच पाहायची राहून जाते.