पुढे बघायचं, पाऊल टाकायचं नाही

नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक किरकोळ वाटणारं काम आलं. बिलावर १२३४५६७ छापलं जायचं, ते १२,३४,५६७ असं दिसायला हवं होतं. शोधून सापडलेले तयार पॅटर्न सगळे तीन-तीन अंकांचे. आपल्याला शेवटचे तीन, मग दोन-दोन. म्हणून रेगेक्स, म्हणजे मजकुरात काय शोधायचं ते चिन्हांत सांगणारा पॅटर्न, स्वतःच लिहिला:

([०-९])(([०-९][०-९])+[०-९]$)

(बिल मराठीत, म्हणून देवनागरी अंक. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ते ओळीने बसलेत, त्यामुळे ०-९ चालतं. + म्हणजे एकदा किंवा अनेकदा, $ म्हणजे शेवट.)

पहिला अंक आणि उरलेला भाग यांच्यामध्ये स्वल्पविराम टाकला, तर आलं १२,३४५६७. एकच! पॅटर्नने शेवटपर्यंतचे अंक गिळले होते, दुसऱ्या स्वल्पविरामासाठी काही उरलंच नव्हतं. शेजारी बसणाऱ्या ताईंनी दुसऱ्या कंसात फक्त ?= घातलं आणि म्हणाल्या, आता पहिल्या अंकापुढे नुसता स्वल्पविराम लाव.

([०-९])(?=([०-९][०-९])+[०-९]$)

हेच लुकअहेड. रांगेत टाचा उंचावून खिडकीपर्यंत किती माणसं आहेत ते बघावं, तसं, आपण जागेवरच. १ नंतर सहा अंक, जमत नाही. २ नंतर पाच, म्हणजे दोन जोड्या आणि एक: जमलं. ३ नंतर चार, नाही. ४ नंतर तीन, जमलं. दर वेळी शेवटपर्यंत पाहिलं, पण गिळला एकच अंक. हे कागदावर बोट ठेवून एकदा करून बघा. मला व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं, असं कळलं.

?! म्हणजे उलट अट, पुढे अमुक नसावं. इथे मी जास्त आपटलो. 'रुपये' न लागलेले आकडे हवे होते:

[०-९]+(?! रुपये)

'५०० रुपये' मधून ५० हाती आलं. ५०० पुढे रुपये दिसल्यावर रेगेक्स चालवणारं इंजिन एक अंक सोडून मागे सरकतं. ५० पुढे ० आहे, रुपये नाही, अट पाळली गेली. बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं. पुढे अंकही नको, हे आपणच सांगायचं (| म्हणजे किंवा):

[०-९]+(?![०-९]| रुपये)

एवढं जमल्यावर ऐटीत स्वल्पविरामवाला पॅटर्न गो भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला, तर तो घेईचना. गोच्या रेगेक्स इंजिनात लुकअहेड नाहीच. वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच लागेल, या हमीपायी ते वगळलंय. तिथे मुकाट्याने लूप लिहिला: शेवटून तीन, मग दोन-दोन.