रागासाठी थेरपिस्ट शोधताना: तयारीची यादी

पहिला फोन करण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, फक्त ते घरातल्या कुणाच्या हाती सहज लागणार नाही अशी सोय करा. राग आला की त्याच दिवशी सहा गोष्टी लिहायच्या: वेळ आणि जागा; काय घडलं, तेही एका वाक्यात आणि समोरच्याच्या स्वभावाचं वर्णन न करता; त्या क्षणी डोक्यात आलेलं वाक्य, जसंच्या तसं; शून्य ते दहामध्ये राग किती होता; तुम्ही काय बोललात किंवा केलंत; आणि शांत व्हायला किती वेळ लागला. बाजूला आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं कधी झालं आणि दारू घेतली होती का, एवढं टिपा.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. ‘हिने मुद्दाम केलं’, ‘मला या घरात कुणी किंमत देत नाही’, ‘एवढं साधं कळू नये?’ थेरपीत पुढे काम होतं ते बरंचसं याच वाक्यांवर. चार दिवसांनी आठवून लिहिलं तर ती सभ्य आणि गुळगुळीत होऊन येतात, म्हणून त्याच दिवशी लिहायचं. तीन-चार आकड्याची चिडचिडही सोडू नका. फक्त मोठी भांडणं टिपली तर पारा कुठून चढायला लागतो ते दिसतच नाही. दहा-बारा नोंदी झाल्या की बऱ्याच जणांना नमुना स्वतःलाच दिसू लागतो: संध्याकाळचे सात ते नऊ, रिकामं पोट, ऑफिसातून घरात पाऊल टाकल्यावरचा पहिला अर्धा तास.

वहीसाठी थांबायचं नाही, असेही प्रसंग असतात. घरात हात उगारला गेला असेल, वस्तू फेकल्या जात असतील, मुलं घाबरून खोलीत दडत असतील किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर आजच बोला. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते आणि मराठीतून बोलता येतं. मार खाणाऱ्या बाजूला असाल तर तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक लक्षात ठेवा. अशा घरात नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन हा पहिला उपाय नव्हे. समोर बसून खरं बोललेल्या माणसाला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते. मारणाऱ्याने आधी एकट्याने जायचं.

थेरपिस्टआधी फॅमिली डॉक्टरची एक फेरी करून घ्या. थायरॉइड वाढलेलं असणं, रक्तातली साखर घसरणं, घोरताना श्वास अडकून झोप मोडणं, जुनं दुखणं, डोक्याला झालेली इजा या सगळ्यांतून चिडचिड वाढते. काही औषधांतूनही वाढते. स्टेरॉइड आणि फिट्ससाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम ही त्यातली माहितीची उदाहरणं. चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. नैराश्य म्हणजे रडणं, असं आपण धरून चालतो. पुष्कळ पुरुषांत ते आधी तिरसटपणा म्हणून दिसतं. आणि राग जर बहुतेक वेळा दारू पोटात गेल्यावरच येत असेल तर सुरुवात व्यसनावरच्या उपचारापासून करावी. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून तेच काम करत आहे.

आता कुणाकडे जायचं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषध तेच लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावं लागतं आणि ते परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतं. समुपदेशक या नावाखाली मात्र एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली माणसंही बसतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही. त्यामुळे तिथे पदवी, अनुभव आणि तुम्ही अजून कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता का, हे तिन्ही विचारायचं. विचारल्यावर चिडणारा थेरपिस्ट रागासाठी तरी नकोच. झोप उडालेली असेल, कित्येक दिवस अंगात भलताच जोर संचारून खर्च आणि बडबड वाढत असेल किंवा संशय बळावला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

भाषेचा विचार फार जण करत नाहीत. तुम्ही भांडता ज्या भाषेत, ती थेरपिस्टला कळायला हवी. ‘तुझ्या माहेरच्यांनी’ या दोन शब्दांतला डंख इंग्रजीत समजावून सांगण्यात निम्मं सेशन जातं. बंगळूरला किंवा परदेशात असाल तर महाराष्ट्रातल्या मराठी थेरपिस्टचं ऑनलाइन सेशन मिळेल का ते बघा. मात्र तुम्ही राहता त्या देशातल्या माणसावर उपचार करायची त्यांना परवानगी आहे का, हे आधीच विचारून घ्या.

फोनवर पाच मिनिटं मिळतील, तेव्हा लांबण लावू नका. ‘माझा राग हाताबाहेर जातो, आठवड्यातून दोन-तीनदा आरडाओरडा होतो, मारहाण नाही, दारू कधीतरी’ इतकं पुरे. मारहाण असेल तर तसं सांगा. लपवलंत तर चुकीच्या माणसाकडे जाऊन बसाल. मग तुमचे प्रश्न. रागावर काम करताना तुम्ही नेमकं काय करता? उत्तरात विचार तपासणं, शरीर शांत करण्याचा सराव, बोलण्याची तालीम, घरी करायचा अभ्यास असं काही ठोस यायला हवं. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी या रागासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धती आहेत. आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, महाराष्ट्रात चांगली रुजलेली असल्याने मराठीतून करणारे लोक मिळतात. ‘राग बाहेर काढू, उशीवर गुद्दे मारायला लावू’ असं कुणी म्हणालं तर दुसरा नंबर लावा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारलेल्यांचा राग उतरला नाही, उलट ते जास्त आक्रमक झाले.

किती सेशन लागतील, हेही विचारा. रागावरचं नेमकं काम साधारण आठ ते बारा सेशनमध्ये बसतं. लहानपणीची मारहाण किंवा नैराश्य खाली असेल तर जास्त. एक सेशन ४५ ते ६० मिनिटांचं असतं. फी, ऐनवेळी रद्द केल्यास किती कापणार, दोन सेशनच्या मध्ये फोन चालतो का, हे फोनवरच विचारून मोकळं व्हा. पुण्या-मुंबईत खासगी सेशनला हजार ते तीन हजार रुपये सहज जातात, म्हणजे दहा सेशनचा हिशेब आधीच मांडा. नाहीतर पाचव्या सेशनला पैशापायी सुटतं आणि ‘थेरपीचा उपयोग नाही’ असं खापर फुटतं. बहुतेक मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण सेशन बसत नाहीत. कंपनीतर्फे काही सेशन मोफत मिळतात का, ते एचआरला विचारा, मॅनेजरला नको.

खर्च झेपत नसेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची ओपीडी आहे, जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही मनोविकार विभाग असतो. तिथे गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी मोजकी मिनिटं मिळतात. वहीचा एका पानात काढलेला सारांश केस पेपरसोबत दिलात तर ती मिनिटं सत्कारणी लागतात. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे.

फॅमिली कोर्ट किंवा नोकरीच्या ठिकाणाहून प्रमाणपत्र मागितलेलं असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. सगळे थेरपिस्ट अहवाल देत नाहीत, आणि देणाराही दोन भेटींत ‘राग आटोक्यात’ असं लिहून देणार नाही. गोपनीयतेची हद्दही समजून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती उघड करता येते.

ऑनलाइन सेशन ठरलं तर जागा आदल्या दिवशीच बघून ठेवा. दोन खोल्यांच्या घरात बायको पलीकडे असताना तिच्याबद्दल मोकळं बोलणं होत नाही. उभ्या केलेल्या गाडीत, इयरफोन लावून, चार्जर सोबत घेऊन बसणारे पुष्कळ आहेत. सेशननंतर लगेच मीटिंग ठेवू नका.

पहिल्या सेशनला वही, गोळ्यांची यादी आणि एकच मोजता येणारं उद्दिष्ट न्या. ‘राग यायलाच नको’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘मुलीच्या अभ्यासावरून आठवड्यात चारदा ओरडतो, ते एकावर आणायचं’ हे होतं. पहिल्या भेटीत हमखास होणारी गडबड म्हणजे पाऊण तास समोरच्याच्या चुका सांगण्यात जातो. म्हणून एक प्रसंग आधीच निवडा, ज्यात तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगता येईल.

तुम्ही स्वतःसाठी नव्हे, तर नवऱ्यासाठी किंवा वडिलांसाठी शोधत असाल तर भांडण चालू असताना विषय काढू नका. ‘तुम्हीच जा डॉक्टरकडे’ ही तेव्हा शिवी ठरते. शांत सकाळी, एक प्रसंग आणि एक नंबर हातात घेऊन बोला. नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं, आपली आणि मुलांची काळजी कशी घ्यायची ते ठरवता येतं.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घरच्यांशी एक करार करा. राग सहाच्या वर गेला की ‘मी अर्ध्या तासात येतो’ म्हणून बाहेर पडायचं. निदान वीस मिनिटं चालायचं, गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही आणि सांगितल्या वेळेला परतायचं. परत आलं नाही तर घरचे त्याला पळ काढणं समजतात, आणि पुढच्या वेळी दार अडवून उभे राहतात.

चौथ्या-पाचव्या सेशनला जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवून थेरपिस्टसोबत बघा: आकडा उतरला का, शांत व्हायचा वेळ कमी झाला का. काहीच हललं नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पद्धत बदलायची की माणूस, ते त्यांच्याशीच बोलून ठरवा.