रिलेशनल की नॉन-रिलेशनल डेटाबेस: निवड कशी करावी

"डेटा मोठा होणार असेल तर नोएसक्यूएल घ्या." हा सल्ला कुणी दिला की मी आधी आकडा विचारतो. (रिलेशनल डेटाबेसमध्ये डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवतात; नोएसक्यूएल म्हणजे नॉन-रिलेशनल, तिथे ते बंधन नसतं.) मोठा म्हणजे किती? गावातली एक दूध संस्था घ्या. ३०० सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे. दिवसाला ६०० नोंदी, वर्षाला सुमारे २ लाख १९ हजार. दहा वर्षांत बावीस लाखांच्या आसपास. नीट इंडेक्स (नोंद झटकन शोधून देणारी सूची) लावलेलं पोस्टग्रेस (एक रिलेशनल डेटाबेस) साध्या भाड्याच्या सर्व्हरवर एवढं सहज पेलतं. निव्वळ आकारामुळे डेटाबेस बदलायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. निवड ठरते ती डेटाला कोणते प्रश्न विचारले जाणार यावरून, आणि नेमकं तेच कुणी आधी लिहून काढत नाही.

दूध संस्थांची हिशेबाची कामं मी बरीच केली आहेत, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. तुमचं दुकान, शाळा किंवा दवाखाना असला तरी रीत हीच.

१. कशाकशाची नोंद ठेवायची ते लिहा

सभासद, दुधाच्या नोंदी, दरपत्रक, पशुखाद्याची उधारी, उचल, दहा दिवसांची बिलं. अर्धा तास पुरतो.

२. प्रश्न लिहा, आणि उभे-आडवे वेगळे करा

इथे दोन दिवस गेले तरी चालतील. जो माणूस हा डेटा रोज वापरणार त्याच्या शेजारी जाऊन बसा. "तुम्हाला काय काय दिसायला हवं?" असं विचारू नका, तो "सगळंच" म्हणेल. त्याची जुनी वही मागा. पानाच्या तळाशी पेन्सिलीने मारलेल्या बेरजा, समासातल्या खुणा, मागच्या पानावरची उधारीची यादी, हेच तुमचे खरे प्रश्न.

मी हे न करता एकदा काम सुरू केलं होतं. २०१६ची गोष्ट. डॉक्युमेंट डेटाबेस (नॉन-रिलेशनलचा एक प्रकार, एका गोष्टीची माहिती एका डॉक्युमेंटमध्ये ठेवणारा) घेतला, प्रत्येक सभासदाचं एक डॉक्युमेंट केलं आणि त्याच्या पोटात रोजच्या नोंदी ठेवल्या. पावती झकास निघायची: सभासद १४२, म्हैस, ४.५ लिटर, फॅट ६.८. १४२ नंबर उघडला की त्याचं सगळं एका झटक्यात समोर. मला वाटलं, काम झालं.

आठवडाभरात सचिवांचे प्रश्न सुरू झाले. आज सकाळचं म्हशीचं एकूण दूध किती, आणि सरासरी फॅट किती लागलं? (ही सरासरी लिटर धरून काढावी लागते, नुसती फॅटची बेरीज करून भागत नाही.) खाद्याची बाकी पाच हजारांच्या वर कुणाकुणाची आहे? एकही प्रश्न एका सभासदाचा नव्हता. दर वेळी तीनशे डॉक्युमेंटं उघडून आतलं पिंजत बसायचं. म्हणून मी बेरजांची वेगळी डॉक्युमेंटं केली. मग कुणीतरी ४५ लिटरचे ४.५ केले, नोंद सुधारली आणि बेरीज जुनीच राहिली.

खरा फटका दिवाळीच्या बिलाला बसला. बिलातून खाद्याचे पैसे कापायचे आणि त्याच वेळी खाद्याच्या खात्यावर ते जमा दाखवायचे, अशा दोन नोंदी होत्या. त्या मी एकामागून एक लिहीत होतो, दोन्ही मिळून एक ट्रान्झॅक्शन (झालं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही) केलेलं नव्हतं. मधेच लाइट गेली. काही सभासदांचे पैसे बिलातून कापले गेले, पण खात्यावर उतरले नाहीत. पुढच्या बिलात तेच पैसे पुन्हा कापले. एक आजी दोन्ही बिलं घेऊन आल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "बाळा, हे दोनदा का कापलंस?" तो हिशेब जुळवायला मला आणि सचिवांना तीन रात्री लागल्या.

तेव्हापासून प्रश्नांपुढे खुणा करतो. एकाच गोष्टीची सगळी माहिती मागणारा प्रश्न उभा: १४२ नंबरचं खातं दाखव. अनेकांना कापत जाणारा आडवा: आजच्या सगळ्या म्हशींचं दूध. तिसरी खूण लाल पेनाने, दोन ठिकाणी एकदमच बदल व्हायला हवा तिथे. आडवे प्रश्न दोन-तीनच्या वर गेले किंवा पैशापुढे लाल खूण आली, तर रिलेशनल घ्या. मोंगोडीबी या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये २०१८पासून अनेक डॉक्युमेंटांवर मिळून ट्रान्झॅक्शन करता येतं, तेव्हा लाल खूण तिथेही सांभाळता येते. पण आडव्या प्रश्नांची अडचण त्याने सुटत नाही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्याचा गाभाच हा की डेटा आत कसा ठेवलाय याची फिकीर न करता प्रश्न विचारता यावा. सचिव उद्या जो प्रश्न विचारणार आहेत तो आज तुम्हाला माहीत नाही, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

रिलेशनल घेतल्यावर एक चूक हमखास होते. "एक माहिती एकाच ठिकाणी" हा नियम पाठ करून लोक दर फक्त दरपत्रकात ठेवतात आणि दुधाच्या नोंदीतून तिकडे बोट दाखवतात. पुढच्या महिन्यात दरपत्रक बदललं की मागची सगळी बिलं बदलतात! त्या सकाळी लागलेला दर हा त्या नोंदीचाच भाग आहे, तो नोंदीतच लिहा. सभासदाच्या नावाचंही तसंच. वडील गेले आणि खातं मुलाच्या नावावर झालं, तर चालू नाव सभासदाच्या टेबलमध्ये एकदाच बदलायचं, पण जुन्या बिलावर वडिलांचंच नाव राहिलं पाहिजे. प्रत्येक कॉलमला विचारा: हे आत्ताचं हवं, की त्या वेळचं?

३. साचा खरंच किती बदलतो ते पाहा

"आमच्या डेटाला ठरावीक साचा नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा साचा असतो, बसून ठरवलेला नसतो. खरोखर बदलता डेटा म्हणजे दूध तपासणाऱ्या मशीनचा. एका कंपनीचं मशीन फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) देतं, दुसऱ्याचं पाणी, तापमान, घनताही देतं. तेवढ्यासाठी अख्खा डेटाबेस बदलू नका. पोस्टग्रेसमध्ये २०१४पासून जेसनबी (आधी साचा न ठरवता माहिती ठेवता येणारा कॉलमचा प्रकार) आहे. मशीनचं उत्तर जसंच्या तसं एका कॉलममध्ये ठेवा, बिलाला लागणारे आकडे मात्र स्वतंत्र कॉलममध्ये काढा.

४. नॉन-रिलेशनल कधी घ्यायचं

सगळे प्रश्न उभे असतील तेव्हा, बेलाशक. ओटीपी आणि लॉगिनची सेशनं रेडिसमध्ये (किल्ली दिली की तिच्यापुढची माहिती झटकन देणारा डेटाबेस). प्रत्येक लेख किंवा फॉर्म अख्खा लिहायचा आणि अख्खाच वाचायचा असेल, तर डॉक्युमेंट डेटाबेस. शेकडो बल्क कूलरचं (दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाक्या) तापमान दर काही सेकंदांनी येतंय आणि एका मशीनवर लिहिणं मावत नाही, तर कॅसँड्रा, म्हणजे अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस. पण तिथे प्रत्येक प्रश्नाला वेगळं टेबल करावं लागतं, म्हणजे प्रश्नांची यादी आधीच पक्की हवी. कोण कुणाशी कितव्या पायरीवर जोडलंय हाच मुख्य प्रश्न असेल, तर निओफोरजेसारखा ग्राफ डेटाबेस. आणि हे पोस्टग्रेसच्या जोडीला ठेवता येतं, एकच निवडायचं बंधन नाही. पैशाचा हिशेब तेवढा एकाच ठिकाणी राहू द्या.

संस्थेत एकच कॉम्प्युटर असेल आणि नेटचा भरवसा नसेल, तर एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा रिलेशनल डेटाबेस) पुरे. त्यात फॉरेन कीची (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे दाखवलेलं बोट) तपासणी सहसा बंदच येते, दर कनेक्शनला ती चालू करा.

५. पक्कं करण्याआधी मोडून बघा

दहा वर्षांच्या खोट्या नोंदी भरा आणि यादीतले सगळ्यांत अवघड पाच आडवे प्रश्न चालवा. मग तीनशे सभासदांचं बिल सुरू करा आणि निम्म्यावर आलं की सर्व्हरची वायर ओढा. परत चालू करून बिलातली कपात आणि खाद्याचं खातं पैशापैशाला जुळतंय का ते एकेका सभासदाचं तपासा. एकाचंही जुळलं नाही तर संस्थेत बसवू नका.